फुईचा झोका आणि अकरा टक्के

घरातला हळू चालणारा कॉम्प्युटर जलद कसा करायचा, हे मी आता सांगणार आहे. वही-पेन घेतलं का? लिहा. एक फळी, दोन दोर, छताला एक कडी आणि भडगावची एक फुई. झालं. ज्यांना घाई आहे त्यांनी उठायला हरकत नाही.

बसलात? मग तुम्हाला माझ्यासारखंच काही काम दिसत नाही. हा असा तपशील जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना फुई नसावी. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात. ती आमच्या धुळ्याच्या घरात वर्षातून एकदा, आखाजीला यायची. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. पण अक्षय्यतृतीया म्हटलं की सोनाराचं दुकान आठवतं, आणि आखाजी म्हटलं की झोका. आमच्या भागात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात आणि सासरचं सगळं गाण्यात सांगून टाकतात. आणि लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणायचं. आमच्या फुईचा मुराळी म्हणजे माझे वडील, नाना. फुई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. नाना तिला अक्का म्हणायचे आणि दर वर्षी आखाजीच्या आठवडाभर आधी इस्त्रीचा शर्ट घालून भडगावला निघायचे.

त्या वर्षी ते जळगावला गेले.

माझी दहावीची परीक्षा झालेली, म्हणून मला बरोबर घेतलं. त्यांच्या मावसभावाच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तो आम्ही आणायला गेलो. कुणासाठी, तर ताईसाठी. ताईने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि देवपुरातल्या तिच्या कॉलेजने सुट्टीत वार्षिक अंक टाइप करून देशील का म्हणून तिला विचारलं होतं. ताई त्या दिवशी घरभर पाय न टेकता चालत होती.

येताना एस्टीत नानांनी मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. खाली मी खोक्यावर पाय सोडून बसलेलो, मांडीवर कीबोर्ड. कंडक्टर आला, गोधडीकडे बघितलं आणि नाकातून म्हणाला, "लेकरू कितला महिनानं शे हो?" ("शे हो" म्हणताना तो घंटीच्या दोरीकडे बघायचा. हा आवाज मी पारोळ्यापर्यंत पाठ केला.) नाना म्हणाले, "लेकरू नही, काच शे." मग खिडकीतून ऊन आलं तसं त्यांनी गोधडीचं टोक पुढे ओढून घेतलं. मी बघत होतो. बाहेर कपाशीची मोकळी रानं, तापून पांढरी पडलेली, आणि आत माझा बाप एका काचेला ऊन लागू देत नाही. तेव्हा मला त्याची फक्त गंमत वाटली.

भडगावला नानांनी पोस्टकार्ड टाकलं. या वर्षी मला जमत नाही, तू ये.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत टेबलावर बसला. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. बटण दाबलं की आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यावर निळं आभाळ आणि पांढरे ढग. धुळ्यात मे महिन्यात ढग औषधाला सापडत नाही, तो आमच्या घरात यायचा आणि तिथेच थांबायचा. आम्ही चौघं त्या ढगांसमोर बसून राहायचो. आई लसूण सोलायची. मला ते फार आवडायचं, खरं सांगतो. खिडकीला ओली चादर, खोलीत पाण्यातल्यासारखा उजेड. घाई असलेला एकच माणूस घरात होता, ते म्हणजे नाना.

नानांचा चहा दोन बशांचा असे. पहिली बशी फुंकून, दुसरी सावकाश. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी बशी संपवली, कप पालथा घातला, पेपरातली निधनाची पानंसुद्धा वाचून काढली, तरी ताईला एक अक्षर काढता आलं नव्हतं.

"हे बघ," नाना म्हणाले, "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथे चहाला बसेन. तू बटण दाब. माझी दुसरी बशी संपायच्या आत एक अक्षर उमटलं तर ठीक. नाहीतर पेटी परत जळगावला. ज्याची त्याच्या घरी."

"आणि वार्षिक?" ताईने विचारलं.

"वार्षिक वर्षाने येतं. होईल पुढच्या वर्षी."

 ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ती रडायच्या आधी तेच करायची.

मग तिने कोर्सच्या वह्या काढल्या. नको ते सगळं काढून टाकलं. मी चोरून घातलेले दोन खेळही गेले. शेवटी तिला उपाय सापडला, डिफ्रॅग. ती मला समजावत होती, "आत सगळं विखुरलंय. एका पत्राचं डोकं इकडे, पाय तिकडे. मशीन शोधत फिरतं, म्हणून वेळ लागतो. हे चालवलं की ते एकेक तुकडा उचलून जागेवर लावतं. दोन-अडीच तास लागतील. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही. माउसला तर अजिबात नाही."

"म्हणजे घर आवरणं," आई म्हणाली. "आणि मध्ये पोरांनी लुडबुडायचं नाही."

पडद्यावर बारीक बारीक चौकोन आले. निळे, लाल, पांढरे. एक चौकोन इथून उठायचा, तिथे जाऊन बसायचा. मग दुसरा. आई निवडते त्या तांदळासारखं, कुणालाच घाई नाही. मी पालथा पडून, हनुवटी हातावर ठेवून बघत राहिलो. अर्धा झोपेत गेलो तरी डोळ्यापुढे चौकोन चालूच.

अकरा टक्के झाले. मग पडदा काळा झाला आणि तारे आले. ते मी लावले होते. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की काळ्यातून पांढरे तारे निघायचे आणि आपल्या अंगावर येऊन बाजूने निघून जायचे. त्या दुपारच्या खोलीत आपण कुठेतरी चाललोय असं वाटायचं. बऱ्याच वेळाने ताईने माउस हलवला. तारे गेले. चौकोन दिसले. टक्के होते दोन.

"पुन्हा सुरुवातीपासून!" ताई ओरडली. "काहीतरी बदललं म्हणतंय."

"कोण बदललं?" नाना आतून म्हणाले. "घरात तर सगळे तेच आहेत."

दोन दिवस हेच. अकरा, तारे, दोन. आम्ही आणखी कडक झालो. टेबलाजवळून कुणी जायचं नाही, पंखा नको, दार जोरात लावायचं नाही. घर अगदी श्वास धरून बसलं. तरी अकरा.

आखाजीच्या आदल्या दिवशी फुई आली. एकटी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुरडयांचा डबा, आणि घामाने कुंकू नाकापर्यंत आलेलं. नाना ओट्यावरच होते. "अक्का, कार्ड मिळालं ना?" म्हणाले. फुई म्हणाली, "मिळनं." मग आत येऊन तिने टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे एकदा बघितलं. खाली तीच गोधडी घडी करून ठेवलेली. तिनेच शिवलेली होती ती. "हाई का ती पेटी?" एवढंच विचारलं आणि पाणी मागितलं.

झोका त्याच खोलीत टांगायचो, कारण कडी तिथेच होती. फुई बसली. झोका मागे जायचा, पुढे यायचा, आणि पुढे आला की ती पायाच्या अंगठ्याने टेबलाला हलकासा रेटा द्यायची. आणि गायची. तिचा आवाज जाड होता, मध्येच चिरकायचा, ओळीच्या शेवटी ती एक श्वास असा सोडायची की जणू ओझं खाली ठेवलं. ताई कोपऱ्यात कोर्सच्या वहीत डोकं खुपसून बसलेली. सहज वर बघितलं.

"अरे," ती कुजबुजली. "अठरा!"

मी उठून बसलो. एकोणीस. वीस. फुई गात होती. तीस. फुईचे डोळे मिटलेले. चाळीस झाले तेव्हा आईने हाक मारली, "अक्का, जेवायला चला," आणि फुई उठली. जेवण झालं, गप्पा झाल्या. येऊन बघतो तर तारे. माउस हलवला तर तीन.

ताईने आणि मी एकमेकांकडे बघितलं. आता सांगतो ते कुणाला सांगू नका. आमची दोघांची खात्री पटली की आमचा कॉम्प्युटर गाण्यावर चालतो.

खरं कारण मला पुढे कॉलेजात कळलं. तारे सुरू झाले की त्या डिफ्रॅगला वाटायचं आत काहीतरी बदललं, आणि ते बिचारं पहिल्यापासून आवरायला घ्यायचं. म्हणजे माझेच तारे. आणि फुईच्या अंगठ्याने टेबल हललं की तिरक्या टेबलावर माउस केसभर सरकायचा, म्हणून तारे यायचेच नाहीत. आम्ही हात लावायचा नाही म्हणून जेवढे जपत होतो तेवढं ते बिघडत होतं. पण तेव्हा हे कुठे माहीत? तेव्हा फक्त फुई होती, आणि उद्याचा एक दिवस.

आखाजीला घागर भरून झाली, सांजोऱ्या झाल्या, आंब्याच्या रसाच्या वाट्यांवर वाट्या झाल्या. ताईने फुईला झोक्यावर बसवलं. "फुई, थांबू नको हां. तू थांबलीस की ते थांबतं."

"मन्हा गानावर चालस?" फुई हसली. "मंग मनं घर का बरं चालस नही?"

तिने दीड तास गायलं. सासूचं झालं, नणंदेचं झालं, गिरणा नदीच्या पाण्याचं झालं. खिडकीवरची चादर वाळून कडक झाली, आईने पुन्हा भिजवली. अडुसष्ट टक्के. मग रसाने काम केलं. फुईचा शब्द लांबत लांबत गेला, मान कलली. "आते बस वं माय," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन थेट आडवी झाली.

ताई माझ्याकडे बघायला लागली.

"काय?"

"तुला सगळ्यांचे आवाज काढता येतात ना? हेडमास्तरांचा येतो, कंडक्टरचा येतो. बस झोक्यावर."

"अगं, बाईचा आवाज..."

"गा म्हणते ना! एकोणसत्तर झालेत!"

आता नकलेचं एक सांगतो. आवाज नुसत्या घशात नसतो. फुईचा आवाज काढायचा तर फुईसारखं बसावं लागतं, डावा खांदा थोडा वर, मान दोराला टेकलेली, आणि झोका पुढे आला की अंगठ्याने टेबलाला रेटा. मी सगळं घेतलं. डोळे मिटले. पहिली ओळ काढली आणि ताईने तोंडावर हात धरला. हुबेहूब. खिडकीबाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अक्का, जोरमा म्हणा ना! आम्हालेबी ऐकू द्या!"

झालं. मला ऐकणारं कुणी असलं की मी माझा राहत नाही. फुईची होती ती सगळी गाणी म्हणून टाकली. पंच्याऐंशी. गाणी संपली. मग मी जुळवायला लागलो. भडगावच्या एस्टीवर एक जुळवलं, फुवांच्या, म्हणजे फुईच्या नवऱ्याच्या, मिशांवर एक. बाहेर हसू फुटलं. आता बाहेर चार-पाच जणी तरी होत्या. झोका मागे, झोका पुढे, पडद्यावर चौकोन आपापल्या जागी जाताहेत, आणि मला समोर ती एस्टी दिसायला लागली. पांढरी रानं, नाना, मांडीवर गोधडी. मी गंमत म्हणूनच सुरुवात केली.

"भाऊ गया जळगावले, गोधडी लिसन गया वं,
काचनी पेटी लयना, बहीण इसरी गया वं."

बाहेरचं हसू थांबलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. दुसरी म्हटली.

"पेटीले मुराळी शे, माले कार्ड शे वं,
भाऊना दारमा मी एकलीच उनू वं."

आणि ओळीच्या शेवटी तो श्वास सोडला.  ही गंमत नव्हती. माझ्या तोंडातून फुई बोलत होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

डोळे उघडले. आतल्या खोलीच्या दारात फुई उभी. केस सुटलेले, गालावर उशीचे वळ. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी झोक्यावरून उडी मारली. ताई घाबरून पडद्याकडे बघत म्हणाली, "फुई... चौऱ्याण्णव..." आणि त्याच क्षणी ओट्यावर चपला वाजल्या. नानांच्या. ते गल्लीतून येत होते, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. सगळ्या गल्लीनेच ऐकलं होतं.

फुईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कॉम्प्युटरकडे, एकदा ताईच्या बोटाला गुंडाळलेल्या ओढणीकडे. मग ती चालत आली, झोक्यावर बसली, अंगठ्याने टेबलाला रेटा दिला आणि गायला लागली. तेच. माझंच. पेटीले मुराळी शे, माले कार्ड शे वं. स्वतःच्या आवाजात.

नाना दारात थांबले. डोक्यावर टोपी, हातात बर्फाची पिशवी, पाणी ठिबकतंय.  मी टेबलामागे भिंतीला चिकटलेला. फुई गात राहिली. ती त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी त्या जरा हळू होत गेल्या, की मला तसं वाटलं, कारण त्या खोलीत सगळंच हळू झालं होतं. सत्त्याण्णव. बर्फाचं पाणी फरशीवरून नानांच्या चपलेखाली गेलं. अठ्ठ्याण्णव. मग पडद्यावर एक छोटी पाटी आली. ताई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "झालं."

फुईने पाय टेकून झोका थांबवला.

"अक्का," नाना म्हणाले, "तू माले कालच बोलनी का बरं नही?"

"आते बोलनू ना," फुई म्हणाली. "बर्फ ठेव खाले. हात गारठना व्हई."

नानांनी बर्फ ठेवला. टोपी काढली आणि झोक्याजवळ फरशीवरच बसले. मी आणि ताई आत निघून गेलो. पुढचं मला माहीत नाही. आईने बराच वेळ कुणालाच पुढच्या खोलीत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चहाला बसले. फुई समोर झोक्यावर. ताईने बटण दाबलं. घसा खाकरला. नानांनी पहिली बशी फुंकून प्यायली. ढग आले. दुसरी बशी भरली, ओठाजवळ नेली, आणि म्हणाले, "अक्का, तुम्हना दारमाना लिंबले आवंदा मोहर कसा उना?" फुई सांगायला लागली. लिंबाचं झालं, म्हशीचं झालं, धाकट्या जावेचं झालं. नाना ऐकत होते. बशी हातात तशीच, तिच्यावर साय धरली. ताईने हळूच एक कळ दाबली. पडद्यावर अ आला.

"नाना, अ."

"अं?" नानांनी बशीत बघितलं. भरलेली. "मग ठीक."

कॉम्प्युटर जलद झाला होता की नाना हळू झाले होते, ते मी आजही सांगू शकत नाही. वार्षिक मात्र त्याच टेबलावर झालं.

तिसऱ्या दिवशी फुई निघाली. या वेळी पोहोचवायला नाना जाणार होते, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे. मी फुईची पिशवी उचलायला गेलो आणि माझा डावा कान तिच्या हातात गेला. दोन दिवस ती त्या गाण्याबद्दल मला एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं होतं, विसरली.

"मना आवाज लिधा ते लिधा," ती म्हणाली. हळू आवाजात, म्हणून जास्त लागलं. "मना पोटमानं कोणले इचारीसन लिधं?"

"फुई, ते टक्के..."

"चूप. टक्का सांगू नको माले. एस्टीमा बठनू तवयच मी ते गिळी टाकेल व्हतं. बहीण भाऊले अशी गोट सांगस नही. आणि सांगस ते भर दुपारले बठ्ठी गल्ली गोळा करीसन सांगस नही. हसाडासाठे नक्कल करस, कर. मन्ही कर, तुना फुवानी कर. पन ज्यानी नक्कल करस त्याले आधी जागं करत जाय. समजनं का?"

"समजलं."

"आणि बाप दोन दिन धड जेवना नही, तेबी तुनामुळे." कान आणखी एक वेढा फिरला. "आणि तिसरी ओळले मी आवाज खाले लेस, गधड्या. वरे नही. इतला दिन आयकस, इतलंबी ध्यानमा येवाले नको?"

ओट्यावरून नानांनी हाक मारली, "अक्का, चल! एस्टी जाई!"

"जाऊ दे," फुई म्हणाली. "याना कान आजून मना हातमा शे."